पदस्थ गव्हर्नरची फेरनिवडणूक : केंटकी राज्याचे उदाहरण (२०१९)

भारतात राज्यपालाची नियुक्ती होते. अमेरिकेतील घटकराज्याचा गव्हर्नर मात्र मतदारांकडून थेट निवडला जातो. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याला जवळचा असला, तरी विधिमंडळातील बहुमत गेल्याने त्याचे पद जात नाही. साहजिकच फेरनिवडणुकीत त्याची कारकीर्द हाच मुख्य विषय ठरू शकतो. प्रस्तुत लेखात केंटकी राज्याच्या आधारे ही बाब स्पष्ट केली आहे.

केंटकीत १९९२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत गव्हर्नरला सलग दुसरी मुदत मिळत नसे. २०१५ मध्ये निवडून आलेले रिपब्लिकन पक्षाचे मॅट बेविन २०१९ मध्ये पुन्हा उभे राहिले. राज्य त्यांच्या पक्षाला अनुकूल होते. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी ते सुमारे ३० टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. बेविन अडचणीत आले ते निवृत्तिवेतनामुळे.

२०१८ मध्ये विधिमंडळाने नव्या शिक्षकांसाठी निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी व्यक्तिगत खात्यावर आधारित योजना आणली. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्रात सेवेत आलेल्या प्राध्यापकांना अशा बदलाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. विशेष म्हणजे हा मजकूर सांडपाण्याविषयीच्या एका विधेयकात ऐनवेळी घालण्यात आला होता. हजारो शिक्षक राजधानी फ्रँकफर्टमध्ये जमले, अनेक शाळा बंद राहिल्या. शाळा बंद असल्याने घरी राहिलेल्या एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असणारच, असे विधान बेविन यांनी केले. पुढे त्यांनी क्षमा मागितली. पण शिक्षक ते विधान विसरले नाहीत.

राज्याचे ॲटर्नी जनरल, डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशिअर, यांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. विधेयकाची तीन वाचने तीन वेगळ्या दिवशी झाली नाहीत, या कारणावरून डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. हेच बेशिअर पुढे बेविन यांचे प्रतिस्पर्धी झाले. उपगव्हर्नरपदासाठी त्यांनी जॅकलिन कोलमन या शिक्षिकेची निवड केली.

५ नोव्हेंबर २०१९ रोजी १४ लाखांहून अधिक मतदान झाले आणि बेशिअर पाच हजारांहून थोड्या अधिक मतांनी विजयी झाले. फेरपडताळणीनंतर १४ नोव्हेंबरला बेविन यांनी पराभव मान्य केला. त्याच दिवशीच्या मतदानात राज्यस्तरीय उर्वरित पाचही पदे रिपब्लिकन पक्षाने जिंकली होती. रोष पक्षावर नव्हे, पदस्थ व्यक्तीवर होता, हे यावरून दिसते. तथापि सारे श्रेय शिक्षकांना देणे धाडसाचे होईल. लिबर्टेरियन उमेदवाराची मतेही विजयाच्या फरकाहून अधिक होती.

२०२३ मध्ये बेशिअर स्वतः पदस्थ उमेदवार होते. २०१९ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे ॲटर्नी जनरल झालेले डॅनिएल कॅमेरॉन यांचा त्यांनी सुमारे पाच टक्क्यांनी पराभव केला.