खरूज : औषध साऱ्या घराला

पेणजवळच्या आमच्या रामवाडीत खरूज झालेला माणूस लाजेने हात लपवतो. वास्तविक दोष एका सूक्ष्म किड्याचा. तो कातडीत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला पुरळ उठते. रात्री खाज वाढते. पहिल्या लागणीत खाज सुटायलाच ४ ते ६ आठवडे जातात, तोवर रोग घरभर पोचलेला असतो. म्हणून माझे सांगणे एवढेच, की डॉक्टरांना विचारून ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, सकाळी अंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा लावावे. कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. पावसाळ्यात ती वाळत नसतील, तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावीत. अंगाबाहेर किडा सहसा २-३ दिवसांतच मरतो.