अज्ञात वाहन आणि न मागितलेली भरपाई

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्रीला धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गास मिळतो. २० सप्टेंबर २०२४ रोजी याच जालना–वडीगोद्री रस्त्यावर एस.टी. बस व मालमोटार यांची धडक होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वाहने जागेवरच होती. तेव्हा भरपाई कोणाकडे मागावी, हा प्रश्न तरी मृतांच्या वारसांपुढे उरला नाही. परंतु पहाटे शेताकडे निघालेल्या एकट्या माणसाला ठोकरून वाहन पसार होते, तेव्हा पोलिसांच्या कागदात ‘अज्ञात वाहन’ असे दोन शब्द पडतात आणि त्या कुटुंबापुरते प्रकरण बहुधा तेथेच मिटते.

वस्तुतः ते तेथे मिटावयास नको. मोटार वाहन कायद्याच्या १६१ व्या कलमान्वये अशा मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये १ एप्रिल २०२२ पासून देय आहेत. त्यापूर्वी मृत्यूची भरपाई अवघी पंचवीस हजार होती. अर्ज महसूल उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे करावयाचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावयाची. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडले? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३०,४८६ वाहन पळून गेलेल्या अपघातांत. यांतील काही वाहने पुढे सापडली असतील, हे मान्य. तरीही २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी अर्ज आले केवळ २०५, आणि निकालात निघाले ९५! रस्ता सुरक्षेच्या सप्ताहांत हेल्मेटची आठवण दरवर्षी होते. या हक्काची होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी याची दखल घेतली. महिनाभरात वाहनाचा छडा न लागल्यास पोलिसांनी वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश दिला. आदेश योग्यच आहे. पण कर्ता पुरुष गेलेल्या घरी पोलिसांचे पत्र आले, तर धीर येण्याऐवजी भीतीच वाटण्याचा संभव अधिक.

सातबाऱ्यावर वारसांची नोंद करण्यासाठी ते कुटुंब तलाठ्याकडे येतेच. हाही अर्ज त्याच वेळी तलाठ्याने का भरून घेऊ नये? ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्या मजुराच्या घरच्यांना निदान मृत्यूचा दाखला देताना ग्रामपंचायतीने तो द्यावा.