ऑयलर यांच्या दोन चाळण्या

एकतीस वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ आहे का? शाळेत शिकलेली रीत सोपी आहे: वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे येतं आणि तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे हाताने तेवढे भागाकार.

सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या लेओनार्ड ऑयलर यांची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. तरी १७७२ मध्ये त्यांनी योहान बेर्नुली (तिसरे) यांना पत्रातून कळवलं, की ही संख्या मूळच आहे. भागाकाराचं काम त्यांनी अवघ्या ऐंशीएक मूळ संख्यांवर आणून ठेवलं होतं, आणि मला खरी मौज त्यातच वाटते.

समजा, एखादी मूळ संख्या या संख्येचा भाजक आहे. मग २, ४, ८, १६ अशा घातांना तिने भागत गेलं, तर ३१ व्या घाताला बाकी १ उरते आणि बाक्यांचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ३१ स्वतः मूळ असल्याने हे चक्र मध्येच कुठे संपू शकत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार, भाजकातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येत अशी चक्रं पूर्ण बसलीच पाहिजेत. म्हणून ती संख्या ३१ च्या पटीत हवी. भाजक विषम, म्हणून ६२ च्या पटीत. लहान उदाहरण पाहा: अकराव्या घातातून १ गेला की २,०४७ उरतात, म्हणजे २३ गुणिले ८९. २३ मधून १ काढला की २२, ८९ मधून काढला की ८८. दोन्ही २२ च्या पटीत!

दुसरी चाळणी आणखी बारीक. ३१ व्या घाताची बाकी १, म्हणून ३२ व्याची २. पण ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग. ज्या विषम मूळ संख्येने भागल्यावर एखाद्या वर्गाची बाकी २ येते, तिला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ६३ मूळ नाही, २४९ नाही. पहिली उमेदवार ३११. तिने भागल्यावर बाकी ३५. त्यानंतरची मूळ संख्या थेट १,३०३!

युक्लिडच्या नियमाने या शोधातून एक १९ अंकी परिपूर्ण संख्याही (जी स्वतःहून लहान सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असते) हाती आली. पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण असल्या निरुपयोगी गोष्टीमागे कोण लागेल? माणसाच्या कुतूहलाचं मोजमाप त्यांनी फार कमी धरलं. १८७६ मध्ये एद्वार ल्युका यांनी १२७ व्या घातातून १ वजा केलेली ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. २०२४ मध्ये याच कुळातली एक मूळ संख्या सापडली, ४,१०,२४,३२० अंकांची.

आज हे शोध संगणक घेतात. पण मोठ्या चाचणीआधी लहान भाजक हुडकताना त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ऑयलर यांच्या याच दोन चाळण्या चालतात.