पाऊस त्र्यंबकला, पाणी आपल्या दारात

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन संपलं की आम्हाला दहा मिनिटं आरोग्यावर बोलायला मिळतात. गंगापूर रोडच्या एका वस्तीत एका आजींनी जुन्या पुराची आठवण काढून विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी इथं नुसती भुरभुर होती. मग नदी एवढी फुगली कशी?"

एप्रिल-मे महिन्यांत जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, जमिनीवर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरची हवा तिकडे धाव घेते. हे वारे पार विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ते वळतात आणि अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन नैऋत्येकडून येतात. साधारण १ जूनला केरळात, जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे. नवस बोलून ते लवकर येत नाहीत, बेडकांची लग्नं लावून तर नाहीतच.

मग आडवा येतो सह्याद्री. वारे डोंगर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि बाष्पाचं पाणी होतं. इगतपुरी-त्र्यंबककडे वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात येईपर्यंत ढग बरेच रिते झालेले असतात. आपल्या वाट्याला सातशेच्या आसपास येतो.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. त्र्यंबकच्या डोंगरावरचं पाणी गंगापूर धरणात येतं आणि धरण भरत आलं की खाली नदीत सोडतात. म्हणून नुसतं आभाळाकडे बघून झोपू नका, विसर्ग किती सोडला ते ऐका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण दोन हंडे पाणी. बातमीत दहा हजार क्युसेक ऐकलंत तर दर सेकंदाला वीस हजार हंडे समजा. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, यावर सगळं शहर पूर मोजतं. आमच्या लेखी ती दगडाची मोजपट्टी, पण आपल्या उपयोगाची नाही. गंगापूर रोडच्या वस्त्या रामकुंडाच्या वरच्या अंगाला आहेत. पाणी तिथं पोचण्याआधी आपल्याकडून गेलेलं असतं. २००८, २०१६, २०१९ हे पूर ज्यांनी पाहिले, त्यांनी पोराबाळांना पाणी कुठवर आलं होतं ती खूण दाखवून ठेवा.

पूर ओसरतो, पण आजार मागे राहतात. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा एक तरुण पिवळे डोळे घेऊन आला. चार दिवस तापाच्या गोळ्या खात होता. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पाय टेकवेना. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून सामान काढत होता, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तो लेप्टो होता. उंदराच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे, चिरांमधून शरीरात जातात. वेळेवर औषध मिळालं तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर बेततं. तेव्हा पुराच्या पाण्यात, गटारात उतरला असाल आणि ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा. सफाईचं काम करणाऱ्या भावांनी तर नक्कीच.

डेंग्यूचा डास मात्र गटारातला नाही. त्याला चांगलं, स्थिर पाणी लागतं. नळ थोडा वेळ येतो म्हणून आपण पिंप भरून ठेवतो, त्यात आपला काय दोष? पण आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतली कड घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. ज्या ताई बंगल्यांवर कामाला जातात त्यांनी तिथल्या कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे बघावा. तो डास दिवसा चावतो, म्हणजे तुम्ही कामावर असता तेव्हाच. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. अॅस्पिरिन, आयब्रुफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्राव वाढतो.

नळाला गढूळ पाणी आलं तर गाळून, खळखळून उकळून प्या. बाळाला जुलाब लागले तर दूध तोडू नका. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, अंदाजाने टाकू नका. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर घरी वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना प्रत्येकीनं एक लिटरची रिकामी बाटली आणि घरातला चमचा आणावा. चमचे घरोघर वेगळे असतात. साखर-मीठ आम्ही आणतो.