पटावरील असई

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘वैद्यकाबाहेरचे काही लिहा’ असा आग्रह धरला, म्हणून आजवर ज्याची फारशी वाच्यता केली नाही अशा माझ्या एका छंदाविषयी लिहीत आहे. सत्तरीकडे झुकलेला शल्यचिकित्सक रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर इंचभर उंचीचे शिपाई मांडून बसतो, हे रुग्णांच्या कानी गेले तर त्यांचा विश्वास उडेल, अशी आमच्या सौ.ना धास्ती वाटते. आता शस्त्रक्रिया थांबवल्या आहेत. तेव्हा ही कबुली देण्यास हरकत नसावी.

या छंदास इंग्रजीत ‘वॉरगेमिंग’ म्हणतात. आपण त्यास ‘युद्धपट’ म्हणू. इतिहासातील एखादी लढाई निवडायची, तिचे रणांगण टेबलावर उभे करायचे, दोन्ही सैन्यांच्या लहान मूर्ती मांडायच्या आणि ठरलेल्या नियमांनी ती लढाई पुन्हा लढायची, असे याचे स्वरूप आहे. बुद्धिबळाशी याचे नाते आहेच. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही चतुरंग सेना आपण शतकानुशतके पटावर चालवीत आलो आहोत. परंतु बुद्धिबळाचा पट सपाट असतो, दोन्ही बाजू समान असतात आणि प्रतिपक्षाची प्रत्येक सोंगटी डोळ्यांसमोर असते. युद्धपटावर नदी असते, चिखल असतो, सैन्ये विषम असतात आणि पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत.

दिवाळीच्या किल्ल्यापासून

माझ्यापुरती या छंदाची सुरुवात काचीगुड्यातील आमच्या वाड्याच्या अंगणात झाली. दिवाळीच्या सुटीत आम्ही मुले दगड, विटा आणि गोणपाट रचून त्यावर चिखल लिंपीत असू, उतारावर हळीव पेरीत असू आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसवीत असू. मातीचे मावळे सोलापूरहून येणारे मामा आणीत. शेजारच्या तेलुगू घरांत दसऱ्याला बाहुल्यांचा ‘बोम्मल कोलुवु’ मांडला जाई. तेथील मुलांना आमचा किल्ला म्हणजे आमचा कोलुवु वाटे. मात्र आमचे मावळे जागचे हलत नसत. शत्रू कोठून येईल आणि आला तर काय करायचे, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही.

तो प्रश्न पडला प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांना. तेथील राइसव्हिट्झ नावाच्या गृहस्थांनी 1812 साली राजापुढे असा एक खेळ ठेवला. त्यांच्या सैनिकी अधिकारी मुलाने 1824 साली त्यास नकाशे, फासे आणि पंच यांची जोड दिली. सैन्याच्या शिक्षणातून हा खेळ पुढे घराघरांत आला. त्याचे श्रेय मुख्यतः विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या एच. जी. वेल्स यांस जाते. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक 1913 साली निघाले. आपल्या व्यवसायबंधूंना वेल्स यांची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे: ते स्वतः मधुमेही होते आणि 1934 साली डॉ. लॉरेन्स यांच्यासह त्यांनी ब्रिटनमधील मधुमेहींची संघटना स्थापन केली. 1962 साली ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहून या छंदाला आधुनिक रूप देणारे डोनाल्ड फेदरस्टोन हे तर व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट होते. तेव्हा वैद्यकाचा आणि या छंदाचा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही.

आज इंग्लंड-अमेरिकेत या छंदाची मोठी संमेलने भरतात. लंडनचे ‘सॅल्यूट’ 1972 पासूनचे. लहान गावांतील मंडळेही वर्षातून एखादा शनिवार-रविवार सभागृह घेऊन आपले पट मांडतात. मूर्ती बहुधा 28, 15 किंवा 6 मिलिमीटर मापाच्या, धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. त्या रंगवणे हेच अर्धे काम. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाचे माझे भिंगाचे चष्मे आता तेथे उपयोगी पडतात. किती पावले चालायचे ते टेपने मोजतात, तोफेचा नेम लागला की नाही ते फाशांवर ठरते, आणि मार बसलेली पलटण टिकून राहील की पळेल यासाठीही फासे टाकून तिच्या धैर्याची परीक्षा घेतात. सेनापतीची आज्ञा झाली म्हणून सैन्य ती पाळेलच असे नाही, हे नियमांनीच मान्य केलेले असते.

पिंपळगाव आणि वरूड

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो असता जावईबापू मला अशाच एका प्रदर्शनास घेऊन गेले. सभागृहात वीसेक टेबले होती. एका टेबलावर दोन निळ्या नद्या, मध्ये ओसाड माळ आणि मातीच्या घरांचे एक खेडे होते. पाटी होती: ‘असई, 1803’. परक्या देशात आपल्याच मराठवाड्यातील गाव टेबलावर पाहून मी थबकलो.

असई आज जालना जिल्ह्यात आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजा केळणा नदीच्या पलीकडे उतरल्या होत्या. शिंद्यांच्या कवायती पायदळाची संख्या सुमारे 10,800 होती आणि त्याचे नेतृत्व पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. सोबत शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ होते. समोर आर्थर वेलस्ली. त्याच्याकडे गोरे व देशी मिळून सुमारे 4,500 कवायती सैनिक, शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळ होते. हैदराबादची तैनाती फौज घेऊन कर्नल स्टीव्हन्सन वेगळ्या वाटेने येत होता. तो अजून पोहोचला नव्हता.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे होते. जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे दिसली. दोन गावे इतकी जवळ असताना त्यांच्यामध्ये येण्याजाण्यास उतार नसेल असे होणार नाही, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. उतारावर पहारा नव्हता. वेलस्ली मराठी सैन्याच्या डाव्या बगलेवर आला.

टेबलापाशी मंडळाचे एक वृद्ध सभासद पंच होते. त्यांनी मला मराठ्यांची बाजू घेण्याचे आमंत्रण दिले. मी इतिहास वाचलेला होता. पहिल्याच डावात मी दोन पलटणी आणि चार तोफा उचलून वरूडच्या उतारावर नेऊन ठेवल्या. दोनशे वर्षांपूर्वीची चूक सुधारल्याचे समाधान मला वाटले. पंचांनी शांतपणे त्या मूर्ती उचलून मूळ जागी ठेवल्या आणि विचारले, “डॉक्टर, हे आपणास ठाऊक आहे. पोलमनला ठाऊक होते काय?”

मी निरुत्तर झालो. पुढचे डाव मी पोलमनला जेवढे दिसत होते तेवढ्यावर खेळलो. शत्रू बगलेवर आल्याचे दिसताच मी सारी फळी काटकोनात वळवून दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी केली. प्रत्यक्षात पोलमननेही हेच केले होते, आणि इतक्या त्वरेने हे होईल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. त्याच्या एका तुकडीची दिशा चुकली, ती असई गावाकडे सरकली आणि तिच्यामागून गेलेली 74वी पलटण तोफांखाली जवळजवळ नष्ट झाली. तोफा हाती लागल्यानंतरही मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठून पुन्हा मारा करू लागले. त्या दिवशी आपले शिपाई व गोलंदाज कमी पडले नाहीत; पण दोन्ही सरदारांनी लढाई अपुरी असतानाच रणांगण सोडले आणि अफाट घोडदळ बहुतांशी उभेच राहिले. पटावरही मी हरलो. मात्र ‘आपले लोक इतके साधे कसे चुकले?’ हा शाळेपासूनचा माझा प्रश्न त्या दिवशी संपला.

मागाहूनचे शहाणपण

परतीच्या वाटेवर मला माझ्या उमेदवारीतील एक रात्र आठवत होती. अपघातात सापडलेला एक तरुण आला होता. पोटात रक्तस्राव असावा अशी शंका होती, खात्री नव्हती. तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी हाताशी नव्हती. रक्ताची बाटली येईपर्यंत थांबावे असा निर्णय मी घेतला. ती यायला दोन तास लागले आणि तो तरुण दगावला. पुढच्या आठवड्यातील मृत्युचर्चेत शवविच्छेदनाचा अहवाल हातात घेऊन ज्येष्ठांनी मला विचारले, “प्लीहा फाटलेली असताना तुम्ही थांबलातच कसे?” प्लीहा फाटली आहे हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते. रात्री दोन वाजता ते कोणालाच ठाऊक नव्हते. निर्णय चुकला हे मी मान्य केले आणि आजही करतो. परंतु पुढे मी स्वतः अशा चर्चांचा अध्यक्ष झालो तेव्हा मीही कनिष्ठांना तसेच प्रश्न विचारले, याची लाज मला त्या पंचांच्या प्रश्नाने वाटली. त्या वेळी काय दिसत होते, हे आधी विचारावयास हवे होते.

अजिंठ्याचे तबक

या खेळात एक मोठी उणीवही आहे. पडलेली मूर्ती टेबलावरून उचलतात आणि खोक्यात ठेवतात; वैद्याचे काम जेथे सुरू होते तेथे खेळाचे लक्ष संपते. असईत वेलस्लीच्या बाजूचे 428 ठार, 1,138 जखमी आणि 18 बेपत्ता झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीव्हन्सन पोहोचला तेव्हा जखमींच्या व्यवस्थेसाठी त्यालाही थांबवून घ्यावे लागले, आणि चौथ्या दिवशीही रणांगणावरून माणसे उचलली जात होती. दौलताबादच्या किल्लेदाराने जखमींना आत घेण्यास नकार दिला, तेव्हा अजिंठ्यास रुग्णालय उघडण्यात आले. मराठ्यांच्या बाजूची अशी मोजदाद नाही. सहा हजारांपर्यंत जाणारे अंदाज आहेत, ते मेले-जखमी झाले सगळे मिळून. त्यांना कोणी उचलले आणि कोठे नेले, हे आकड्यांत कोठेच नाही.

हैदराबादला आल्यावर मी घरी असईचा पट तयार केला. एक मूर्ती म्हणजे पन्नास माणसे. गेल्या दिवाळीत नातू आणि शेजारच्या रेड्डींचा मुलगा खेळायला बसले. इंग्रजांची बाजू घेण्यास दोघेही तयार होईनात. मी त्यांना सांगितले की वेलस्लीचे बहुतेक शिपाई गोरे नव्हतेच. ते मद्रासच्या पलटणींचे होते आणि त्यांत तेलुगू बोलणारे पुष्कळ होते. कवायती शिपायाला जुन्या मराठीत ‘तिलंगा’ म्हणत ते तेलंगणावरूनच. उलट पेशव्यांचे मराठी स्वार त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला होते. “मग ताता, आपले कोण?” शेजारच्या मुलाने विचारले. याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नव्हते. चार पिढ्या या शहरात राहिलेल्या मराठी माणसापाशी ते नसावे हेच बरे.

आमच्या घरचा एक नियम मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. पडलेली मूर्ती खोक्यात जात नाही. टेबलाच्या कडेला पूजेचे एक जुने तबक ठेवलेले असते, त्याचे नाव ‘अजिंठा’. दोन्ही बाजूंच्या मूर्ती त्यातच आडव्या ठेवायच्या आणि खेळ संपल्यावर मुलांनी त्या मोजून पन्नासाने गुणायच्या, मगच फराळ. गेल्या खेपेस नातवाने एकशे एकोणतीस मूर्ती मोजल्या, गुणाकार केला आणि काही न बोलता आकडा वहीत लिहिला. कोण जिंकले ते लिहायचे राहून गेले. मीही आठवण केली नाही.

मंडळातील ज्या सभासदांच्या माळ्यावर मुलांचे जुने मावळे धूळ खात पडले असतील, त्यांनी येत्या दिवाळीला ते खाली काढावेत. टेबल, टेप आणि फासे माझ्याकडे आहेत. पंचाचे काम मी करीन.