दुसऱ्यांची कुत्री

पांडवलेण्यांच्या डोंगराखालून पहाटे फिरायला जाण्याचा माझा नेम जुना. वरच्या चोवीस लेण्यांकडे मी क्वचितच चढतो. ओढ असते ती खालच्या वाटेवरच्या मंडळींची. टायगर, ब्राऊनी, राणी! मालकांची नावे मात्र ठाऊक नाहीत. ते आपले ‘टायगरचे बाबा’ नि ‘ब्राऊनीची आई’.

परक्या कुत्र्याच्या डोक्यावर एकदम हात ठेवू नये. बाजूला उभे राहावे, त्याला हुंगू द्यावे. शेपटी हलली म्हणजे स्वारी खूष, हा समजही अपुराच. धन्याला पाहून ती उजवीकडे अधिक झुकते, अनोळखी दांडग्या कुत्र्याला पाहून डावीकडे, असे इटलीतल्या संशोधकांना २००७ साली आढळले.

बहुतेक मंडळी विलायती कुळातली. राणी तेवढी आपल्या दख्खनची, कारवानी. सडपातळ नि मानी. तिच्या मुधोळच्या भाऊबंदांवर टपालखात्याने २००५ साली तिकीट काढले. तोच तोरा हिच्यातही! महिनाभराने कुठे माझ्या हाताला नाक लावले.

म्हातारा टायगर श्रावणापासून दिसेना. त्याचे बाबा मात्र येतात, रिकामी साखळी हाताला गुंडाळून. परवा राणी आपणहून त्यांच्यापाशी गेली, साखळी हुंगली नि तिथेच बसली. ते काही बोलले नाहीत.

“आपलं नाव काय?” मी तीन वर्षांत प्रथमच विचारले.