जीटी लाइन की जीटी प्लस? आणि खारपाणपट्ट्यातलं कूलंट

आजचा प्रश्न : फोक्सवॅगन व्हर्टसचं कोणतं व्हेरिएंट घ्यावं?

ही गाडी आपल्या चाकणला बनते. मागच्या 'जीटी' अक्षरांवर जाऊ नका. जीटी लाइनमध्ये १.० लिटरचं तीन सिलिंडर इंजिन आहे : ११५ पीएस, १७८ एनएम. जीटी प्लसमध्ये १.५ लिटर, चार सिलिंडर : १५० पीएस, २५० एनएम. दिसायला दोन्ही स्पोर्टी, पण ताकदीत बराच फरक. मेहकरहून समृद्धीवर चढलं तरी मर्यादा १२० चीच. तिथे १.० सुद्धा आरामात पळतं. त्यामुळे बजेट ताणून मोठं इंजिन घेऊ नका. सर्व्हिसिंगला पैसे उरले पाहिजेत.

कारण आपला शेगाव-संग्रामपूरचा पट्टा म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार साचतात, गंज चढतो, बारीक नळ्या चोंदतात. मग मे महिन्यात टर्बो इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि खर्च हजारोंत. कंपनीने सांगितलेलं कूलंटच टाका. पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरनेच. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

दुसरं, ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. मग जोरात, सारखे ब्रेक मारले की तापून आत बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. गाडी कमी फिरली असली तरी साधारण २ वर्षांनी बदलाच.

शोरूममध्ये गेलात की आधी इंजिन विचारा, सनरूफ नंतर. भेटू पुढच्या भागात!